अखंड चालणारी यंत्रे आणि थांबविण्याचा अधिकार : संगणकीय ‘अपटाईम’ व सुरक्षा-दुरुस्ती यांतील संघर्षाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

मार्च २०१३ मध्ये एका कार्यालयातील नोव्हेल नेटवेअर ३.१२ या प्रणालीवर चालणारा एक जुना सर्व्हर बंद करण्यात आला. तो सप्टेंबर १९९६ मध्ये सुरू झाला होता आणि त्यानंतरच्या साडेसोळा वर्षांत एकदाही थांबला नव्हता. त्याच्या हार्ड डिस्कच्या बेअरिंगचा आवाज असह्य झाला, म्हणून तो निवृत्त झाला. तांत्रिक वृत्तविश्वाने या घटनेची दखल एखाद्या वयोवृद्ध कलावंताच्या सत्कारासारखी घेतली. यंत्र सुरू झाल्यापासून न थांबता किती काळ चालले, याच्या मोजमापास संगणकाच्या परिभाषेत ‘अपटाईम’ असे म्हणतात. युनिक्स प्रणालीत त्याच नावाची एक आज्ञाच आहे. ती टंकलिखित केली की यंत्र स्वतःचे अखंड वय सांगते. एका संपूर्ण पिढीच्या संगणक-व्यवस्थापकांनी हा आकडा अभिमानाने मिरविला.

परंतु हाच आकडा आज दुसऱ्या रीतीनेही वाचता येतो. साडेसोळा वर्षे न थांबलेल्या यंत्रात साडेसोळा वर्षांत अशी कोणतीही दुरुस्ती झालेली नसते, जिच्यासाठी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे लागते. सुरक्षेच्या बहुतेक महत्त्वाच्या दुरुस्त्या, ज्यांना व्यवहारात ‘पॅच’ म्हणतात, त्या प्रदीर्घ काळ अशाच स्वरूपाच्या राहिल्या. म्हणजे एका बाजूने जो दक्षतेचा पुरावा, तोच दुसऱ्या बाजूने दुर्लक्षाचा पुरावा ठरतो.

प्रस्तुत लेखक काही वर्षांपूर्वी तासिका तत्त्वावर अध्यापन करीत असलेल्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात विंडोज एक्सपीवर चालणारा एक संगणक होता. त्याच्या पडद्यावर ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी चिकटविलेली होती. ती कोणी व केव्हा लावली, हे विचारता कोणालाच सांगता आले नाही. प्रवेशाच्या सर्व नोंदी त्या संगणकात होत्या आणि तो बंद केल्यास पुन्हा सुरू होईल याची खात्री नव्हती. त्या चिठ्ठीमागे कोणती मनोवृत्ती होती, ती कोठून आली आणि तिची किंमत कोणी मोजली, या प्रश्नांतून प्रस्तुत निबंधाची कल्पना सुचली.

अभ्यासाची दिशा

इतिहासाच्या अभ्यासकास साधनांची बहिरंग व अंतरंग चिकित्सा परिचित आहे. अपटाईमचा आकडा हेही एक साधनच होय. ते अस्सल असते, कारण यंत्र सहसा स्वतःविषयी खोटे बोलत नाही. परंतु ते काय सिद्ध करते, हे काळानुसार बदलत गेले. हा बदल कसा झाला, हे काही निवडक घटनांच्या आधारे येथे पाहावयाचे आहे. संगणकशास्त्राची तांत्रिक चर्चा आवश्यक तेवढीच केली आहे. ज्या घटनांचे अधिकृत चौकशी अहवाल वा विश्वसनीय अभ्यास उपलब्ध आहेत, त्यांवर भर दिला आहे.

जिम ग्रे यांची विसंगती

अखंड चालण्याचा आदर्श मुळात बँका, दूरध्वनी आणि विमान-आरक्षण यांच्या गरजेतून आला. अमेरिकेतील टँडम कॉम्प्युटर्स या कंपनीची स्थापना १९७४ मध्ये झाली. तिचा ‘नॉनस्टॉप’ नावाचा पहिला संगणक १९७६ मध्ये एका मोठ्या बँकेकडे रवाना झाला. उत्पादनाच्या नावातच प्रतिज्ञा होती. प्रत्येक महत्त्वाचा भाग दुहेरी ठेवावयाचा, एक बिघडल्यास दुसऱ्याने काम सांभाळावयाचे आणि ग्राहकास थांबल्याचे कळूही द्यावयाचे नाही, अशी ही रचना होती.

याच कंपनीत काम करणारे जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये ‘संगणक का थांबतात आणि त्यावर काय करता येईल’ या आशयाचा एक अहवाल लिहिला. ग्रे यांना पुढे १९९८ चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. टँडमच्या ग्राहकांकडील बंद पडण्याच्या घटना तपासता त्यांना असे आढळले की, ४२ टक्के घटनांचे मूळ यंत्र चालविणाऱ्या व सांभाळणाऱ्या माणसांच्या कृतीत होते, २५ टक्के सॉफ्टवेअरमध्ये होते आणि केवळ १८ टक्के प्रत्यक्ष यंत्रभागांत होते. यंत्राला हात लावणारा माणूस हाच यंत्राचा मोठा धोका, असा याचा सरळ अर्थ निघत होता.

मात्र या अहवालातील एक छोटासा परिच्छेद प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्व आकड्यांहून मोलाचा आहे. ग्रे सांगतात की, नवीन व बदलत्या प्रणाली अधिक वेळा बंद पडतात. तेव्हा सिद्ध झालेली प्रणाली बसवावी आणि तिला हात लावू नये. लगेच पुढे ते नोंदवितात की, बंद पडण्याच्या पुष्कळ घटना अशा दोषांमुळे घडल्या, ज्यांची दुरुस्ती आधीच तयार होती, पण ती त्या यंत्रावर बसविलेली नव्हती. तेव्हा दुरुस्त्या शक्य तितक्या लवकर बसवाव्यात. या दोन उपदेशांत विसंगती आहे, हे त्यांनी स्वतःच स्पष्टपणे म्हटले. त्यांच्या काळातील व्यवहाराने मात्र या विसंगतीचा निकाल एका बाजूने लावला होता. यंत्रभागांची देखभाल तत्काळ करावी, सॉफ्टवेअर मात्र प्रत्यक्ष त्रास होत नसेल तर बदलू नये. जे काल चालले ते बहुधा उद्याही चालेल, असा हा तर्क होता.

हा तर्क आळशीपणाचा नव्हता, हे मुद्दाम नमूद करावयास हवे. एकोणीसशे ऐंशीच्या दशकातील यंत्राचे शत्रू म्हणजे धूळ, उष्णता, विजेचा चढउतार, आतील सुप्त दोष आणि थकलेला कर्मचारी. हे शत्रू आंधळे असतात. ते यंत्राचा दुबळा भाग हुडकत येत नाहीत. अशा जगात काल चालले हा उद्या चालण्याचा बऱ्यापैकी विश्वसनीय पुरावा असतो. पुढील सारा संघर्ष या एका गृहीतकाच्या मोडण्याचा आहे.

धाहरान, २५ फेब्रुवारी १९९१

तथापि बाहेरच्या शत्रूने संगणकात शिरकाव न करताही अखंड चालणे प्राणघातक ठरू शकते, याचे विदारक उदाहरण आखाती युद्धात घडले. सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकन सैन्याची पेट्रियट क्षेपणास्त्रांची एक तुकडी इराकच्या स्कड क्षेपणास्त्रांपासून तळाचे रक्षण करीत होती. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी एक स्कड आले आणि पेट्रियटने त्याचा मागोवाच घेतला नाही. ते सैनिकांच्या निवासावर कोसळून २८ अमेरिकन सैनिक मृत्युमुखी पडले. याविषयीचा अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाचा फेब्रुवारी १९९२ चा अहवाल प्रत्येक इतिहासाभ्यासकाने वाचावा असा आहे, कारण त्यात तारखांची साखळी निर्दयपणे मांडलेली आहे.

दोष गणिती होता. पेट्रियटचा संगणक वेळ सेकंदाच्या दशांशात मोजत असे. एक दशांश ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी लिहिता येत नाही. चोवीस अंकांच्या कप्प्यात ती बसविताना अत्यल्प अंश गळत असे. यंत्र जितका काळ चालू राहील तितका हा गळलेला अंश साठत जाई. आठ तासांनंतर चूक ०.०२७५ सेकंदाची, शंभर तासांनंतर ०.३४३३ सेकंदाची. स्कड ज्या वेगाने येते, त्या वेगास एवढ्या काळात यंत्राची नजर ६८७ मीटर बाजूला सरकते. धाहरानची ती तुकडी त्या दिवशी शंभर तासांहून अधिक काळ अखंड चालू होती.

ही प्रणाली मुळात युरोपातील युद्धभूमीसाठी कल्पिलेली होती. तेथे ती सतत जागा बदलील आणि एका वेळी काही तासच चालेल, असे गृहीत होते. वाळवंटात ती एका जागी स्थिरावली आणि दिवसेंदिवस चालू राहिली. इस्रायली सैन्याने आपल्याकडील नोंदींवरून हा सरकाव ओळखला आणि ११ फेब्रुवारीस ही माहिती अमेरिकन अधिकाऱ्यांकडे पोहोचली. १६ फेब्रुवारीस सुधारित सॉफ्टवेअर तयार होऊन निघाले. २१ फेब्रुवारीस तुकड्यांना संदेश गेला की, फार दीर्घ काळ यंत्र चालू ठेवल्यास नजर सरकू शकते. ‘फार दीर्घ’ म्हणजे किती, हे संदेशात नव्हते. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले असते तर घड्याळ शून्यावर येऊन चूक तत्काळ नाहीशी झाली असती, आणि त्यास ६० ते ९० सेकंद लागत. सुधारित सॉफ्टवेअर धाहरानला २६ फेब्रुवारीस पोहोचले.

येथे दोन उपाय उपलब्ध होते. एक दूरवरून येणारी दुरुस्ती, दुसरा दीड मिनिटाचा विराम. पहिला एक दिवस उशिरा आला. दुसरा प्रत्येक क्षणी हाताशी होता, पण युद्ध चालू असताना दीड मिनिट आंधळे व्हावयाचे, हा निर्णय कोणी व कशाच्या आधारे घ्यावयाचा, हे तुकडीतील माणसास कोणी सांगितले नव्हते. प्रस्तुत लेखकाच्या मते या संपूर्ण इतिहासाचे मर्म येथे आहे. यंत्र चालू ठेवण्यास कोणाची परवानगी लागत नाही. थांबविण्यास मात्र लागते, आणि ती देणारा बहुधा ठरलेला नसतो.

अशा घटना पुढेही घडल्या. विंडोज ९५ व ९८ या प्रणालींत ४९.७ दिवसांनंतर घड्याळाचा कप्पा भरून यंत्र गोठत असे. हा दोष उघडकीस यावयास १९९९ साल उजाडले, कारण त्या प्रणाली तोवर एवढे दिवस सलग चालतच नसत, असे उपहासाने म्हटले जाई! त्याच ४९.७ दिवसांच्या गणिताने १४ सप्टेंबर २००४ रोजी लॉस एंजेलिस परिसराच्या हवाई नियंत्रण केंद्राचा सुमारे ४०० विमानांशी असलेला ध्वनिसंपर्क तोडला. तेथे दर तीस दिवसांनी यंत्र थांबवून पुन्हा सुरू करण्याचा नियम होता. तो एकदा चुकला, आणि पर्यायी यंत्रणाही सुरू होताच कोलमडली. नियम होता, त्यामुळे चूक कोणाची हे तरी सांगता आले. धाहरानला तेवढेही नव्हते.

वर्म

मराठीत ‘वर्म’ म्हणजे मर्मस्थान, नेमकी दुबळी जागा. इंग्रजीत याच उच्चाराचा शब्द जाळ्यातून आपोआप पसरणाऱ्या संगणकीय किड्यासाठी रूढ झाला. हा योगायोग अर्थपूर्ण आहे, कारण हा किडा आंधळा नसतो. तो वर्म हुडकत येतो.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने सोडलेल्या वर्मने तत्कालीन इंटरनेटवरील व्हॅक्स व सन संगणकांत धुमाकूळ घातला. त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात अशा संकटांसाठी पहिले समन्वय केंद्र स्थापन झाले. तरीही व्यवहार फारसा बदलला नाही. जुलै २००१ मधील ‘कोड रेड’ने १९ तारखेच्या सुमारे चौदा तासांत ३,५९,००० यंत्रे गाठली, आणि त्यास रोखणारी दुरुस्ती महिनाभर आधीच प्रसिद्ध झालेली होती. हे वर्म केवळ स्मृतीत राहात असल्यामुळे यंत्र बंद करून सुरू केले की ते नाहीसे होई, आणि दुरुस्ती न बसविल्यास थोड्याच वेळात परत येई.

२५ जानेवारी २००३ चा ‘स्लॅमर’ या मालिकेतील सर्वांत बोधप्रद होय. त्याचा आकार अवघा ३७६ बाइट, म्हणजे या परिच्छेदातील एखाद्या मोठ्या वाक्याएवढा. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या माहितीकोश प्रणालीतील एका दोषावर तो बेतलेला होता. सुरुवातीच्या क्षणांत बाधित यंत्रांची संख्या दर साडेआठ सेकंदांनी दुप्पट होत गेली, आणि पहिल्या दहा मिनिटांत बाधा होऊ शकणाऱ्या यंत्रांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक बाधित झाली. किमान ७५,००० यंत्रे त्याच्या कचाट्यात सापडली. बँकांची एटीएम बंद पडली, दक्षिण कोरियातील इंटरनेट ठप्प झाले. दहा मिनिटांत कोणताही कर्मचारी कोणतेही यंत्र वाचवू शकत नव्हता. जे करावयाचे ते आधी करावयास हवे होते, आणि त्यासाठी सहा महिने उपलब्ध होते. दुरुस्ती २४ जुलै २००२ रोजीच प्रसिद्ध झाली होती.

मग ती का बसविली गेली नाही? आळस हे उत्तर अपुरे आहे. या माहितीकोश प्रणालीची एक छोटी आवृत्ती इतर अनेक सॉफ्टवेअरच्या पोटात दडलेली होती. आपल्या यंत्रात ती आहे, हेच पुष्कळांना ठाऊक नव्हते. मूळ दुरुस्ती बसविणे किचकट होते. आणि खुद्द मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या जाळ्यातही ती सर्वत्र बसलेली नव्हती, हे पुढे उघड झाले. ओहायो राज्यातील डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्रात एका कंत्राटदाराच्या जोडणीतून स्लॅमर शिरला आणि सुरक्षिततेचे मापदंड दाखविणारी यंत्रणा जवळपास पाच तास बंद राहिली. सुदैवाने केंद्र त्या वेळी दुरुस्तीसाठी आधीच बंद होते. तेथील संगणक अभियंत्यांना अशी दुरुस्ती प्रसिद्ध झाल्याचीच कल्पना नव्हती.

ग्रे यांच्या काळातील निकाल येथे उलटला. काल चालले हा आता उद्याचा पुरावा उरला नाही. उलट, काल बदल न झालेले यंत्र उद्याच्या हल्लेखोरास अधिक परिचित होत जाते. दुरुस्ती प्रसिद्ध होताच दोषाचा पत्ताही जाहीर होतो. ज्याने ती बसविली नाही, त्याच्या दारावर जणू कुलूप नसल्याची पाटी लागते.

मंगळवार

ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्टने दुरुस्त्यांसाठी महिन्यातील दुसरा मंगळवार निश्चित केला. भारतीय वेळेनुसार तो मंगळवार रात्री उजाडतो. यंत्र थांबविण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाला मिळालेले हे पहिले व्यापक उत्तर होते. कोणी विशिष्ट माणूस नव्हे, तर दिनदर्शिका! अमावास्येप्रमाणे ती तिथी येते आणि व्यवस्थापकास वरिष्ठांपुढे कारण द्यावे लागत नाही. हा उपाय तांत्रिक नसून सामाजिक होता, म्हणूनच तो टिकला, असे वाटते.

परंतु दिनदर्शिका सर्वांना लागू नव्हती. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेची कहाणी याची साक्ष आहे. विंडोज एक्सपीचा अधिकृत आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने, आधार चालू असलेल्या प्रणालींसाठी, एका गंभीर दोषाची दुरुस्ती प्रसिद्ध केली. आरोग्य सेवेच्या डिजिटल विभागाने रुग्णालयांना १७ मार्च व २८ एप्रिल अशा दोन वेळा सावध केले. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ आला. इंग्लंडमधील २३६ पैकी किमान ८१ रुग्णालय-न्यासांचे कामकाज विस्कळीत झाले. ६,९१२ भेटी रद्द झाल्याची नोंद झाली आणि प्रत्यक्षातील संख्या १९,००० हून अधिक असावी, असा अंदाज राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने दिला. पाच ठिकाणी अपघात विभागाकडे निघालेल्या रुग्णांना दूर जावे लागले.

या घटनेविषयी सर्वसाधारण समज असा की, जुने एक्सपी दगा देऊन गेले. अहवाल वेगळे सांगतो. बाधित यंत्रांपैकी बहुसंख्य विंडोज ७ ची होती. त्यांना आधार होता, दुरुस्ती होती, ती बसविलेली नव्हती. दोष यंत्राच्या वयाचा नव्हता. मात्र तपासणीच्या १,२२० उपकरणांनाही बाधा झाली आणि त्यांची गोष्ट निराळी. क्ष-किरण वा एमआरआय यंत्रातील संगणकाची दुरुस्ती सहसा उत्पादकाच्या हाती असते; रुग्णालयाने परस्पर हात लावल्यास यंत्राचे प्रमाणीकरण धोक्यात येते. ज्याच्या छपराखाली यंत्र, त्याला थांबविण्याचा अधिकार नाही आणि ज्याला अधिकार, त्याच्या दारात रुग्ण नाही.

दुरुस्तीच घात करते तेव्हा

एवढे वाचून दुरुस्ती न करणारा तो अडाणी, असा निष्कर्ष कोणी काढू नये. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीचे दूरपल्ल्याचे दूरध्वनीजाळे सुमारे नऊ तास कोलमडले. नव्यानेच बसविलेल्या सुधारित सॉफ्टवेअरमध्ये एक आज्ञा चुकीच्या जागी पडली होती. जुने सॉफ्टवेअर तसेच ठेवले असते तर त्या दिवशी काहीच घडले नसते.

त्याहून विलक्षण प्रकार २७ जून २०१७ चा. युक्रेनमध्ये हिशेबासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या नियमित सुधारणेतच हल्लेखोरांनी ‘नॉटपेट्या’ हा घातक कार्यक्रम मिसळला. ज्यांनी प्रामाणिकपणे सुधारणा स्वीकारली तेच प्रथम बळी पडले. त्यापुढे तो जाळ्यातून पसरला आणि चोरलेल्या परवलीच्या शब्दांच्या बळावर दुरुस्ती केलेल्या यंत्रांतही शिरला. डेन्मार्कच्या मर्स्क या नौवहन कंपनीचे ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभारावे लागले, आणि कंपनीने २५ ते ३० कोटी डॉलर नुकसान नोंदविले. याच समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या जवाहरलाल नेहरू बंदरातील टर्मिनलचे कामही ठप्प झाले. न्हावा-शेवा येथे कंटेनरच्या हालचाली हाताने नोंदवाव्या लागल्या. युक्रेनमधील एका हिशेबी सॉफ्टवेअरचा फटका उरणच्या रस्त्यावर उभ्या ट्रकांना बसावा, ही जागतिकीकरणाची एक वेगळीच व्याख्या म्हणावी लागेल.

मर्स्कच्या पुनर्बांधणीस आवश्यक असलेली वापरकर्त्यांच्या नोंदींची एकमेव शाबूत प्रत घाना येथील कार्यालयात सापडली. तेथील वीज हल्ल्याच्या वेळी गेलेली होती, म्हणून ते यंत्र बंद होते, म्हणून ते वाचले. भारनियमनाचा अनुभव असलेल्या महाराष्ट्रातील वाचकास या योगायोगाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष सुधारणेने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर आणून ठेवली आणि आपल्याकडील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. प्रत्येक यंत्रापाशी माणसाने जाऊन ती फाइल काढावी लागली. यंत्र न थांबविता दुरुस्ती करण्याचे तंत्रही दरम्यान विकसित झाले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत २००८ मध्ये ‘केस्प्लाइस’ जन्मास आले आणि २०१५ च्या लिनक्स ४.० मध्ये अशी सोय मूळ गाभ्यातच आली. परंतु सदोष दुरुस्ती जिवंत यंत्रात घातली तरी सदोषच राहते.

आपल्याकडील परिस्थिती

महाराष्ट्रात २००० नंतरच्या दशकातील दीर्घ भारनियमनाने अखंड चालणाऱ्या यंत्रास एक वेगळीच प्रतिष्ठा दिली. ज्या कार्यालयाकडे इन्व्हर्टर होता, त्याचा संगणक चालू राहात असे. जो चालू राहातो तो चांगला, हे समीकरण सहज रुजले. शिवाय संगणकखरेदीस अनुदान मिळे, देखभालीसाठी शीर्षकच नसे. जडवस्तू नोंदवहीत संगणकास अनुक्रमांक असतो, त्याच्या प्रणालीच्या दुरुस्तीस रकाना नसतो. थांबविण्याचा अधिकार कोणाचा हा प्रश्न येथे अर्थसंकल्पाच्या रकान्यात अडकलेला दिसतो.

जेथे अधिकार लेखी ठरविला गेला तेथे चित्र पालटले. रिझर्व्ह बँकेने २१ जून २०१८ रोजी परिपत्रक काढून आधार संपलेल्या प्रणालींवरील एटीएम यंत्रे टप्प्याटप्प्याने बदलण्याचा आदेश बँकांना दिला. सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान २५ टक्के, डिसेंबरपर्यंत ५०, मार्च २०१९ पर्यंत ७५ आणि जून २०१९ पर्यंत सर्व. एक्सपीचा आधार संपून तोवर चार वर्षे उलटली होती, हेही ध्यानात घ्यावे.

ज्या संगणकाचा उल्लेख आरंभी केला, त्याची हार्ड डिस्क एका पावसाळ्यात वीज जाऊन आल्यावर सुरूच झाली नाही. कोणत्याही वर्मची त्यास गरज पडली नाही. दोन वर्षांचे प्रवेश कागदी जनरल रजिस्टरवरून पुन्हा भरावे लागले. ते काम दोघा लिपिकांनी व तासिका तत्त्वावरील आम्हा तिघांनी दिवाळीच्या सुट्टीत केले. रजिस्टरमधील अक्षर वाचनीय होते, हे त्या जुन्या प्रमुख लिपिकांचे उपकार.

दीर्घायुष्य व दुरुस्ती एकत्र

दीर्घकाळ चालणे आणि वेळोवेळी दुरुस्त होणे या दोन गोष्टी परस्परविरोधी असाव्यातच, असे मात्र नाही. ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघालेल्या व्हॉयेजर १ या यानावरील संगणक हे त्याचे उदाहरण होय. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच्याकडून निरर्थक संदेश येऊ लागले. माहिती जुळविणाऱ्या संगणकाच्या स्मृतीतील सुमारे तीन टक्के भाग सांभाळणारी एक चकती निकामी झाली होती. बदलावयास कोणी जाऊ शकत नव्हते. अंतर सुमारे २,४०० कोटी किलोमीटर, संदेश एका दिशेने पोहोचण्यास साडेबावीस तास. तिथे वाईट हेतूने जाणारा कोणी नाही आणि यान कोणाचे, त्यास आज्ञा देण्याचा अधिकार कोणाचा, याविषयी सत्तेचाळीस वर्षांत कधी संदिग्धता नव्हती. अभियंत्यांनी कित्येक दशकांपूर्वीची कागदपत्रे काढून निकामी भागातील आज्ञा कोणत्या, हे शोधले. त्या एकत्र मावतील एवढी मोकळी जागा कोठेच नसल्यामुळे त्यांचे तुकडे करून निरनिराळ्या जागी बसविले. पहिला तुकडा १८ एप्रिल २०२४ रोजी पाठविण्यात आला. २० एप्रिल रोजी यानाकडून स्वतःच्या प्रकृतीची वाचता येणारी माहिती पुन्हा मिळाली.